पडवीतला भाडेकरू

माझी आई दगडाबाई हिने बारा वर्षं एका मेलेल्या माणसाच्या नावाची घरपट्टी भरली. चुकून नाही आणि अडाणी होती म्हणूनही नाही. मुद्दाम भरली. बिल आलं की दुसऱ्या दिवशी इरकली लुगडं नेसून, विधवा असूनही डोक्यात अबोली घालून पालिकेच्या खिडकीवर जायची. तिला कुणी वेडी म्हटलं तर मी त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवत नाही. त्या एकेका पावतीने गोमाजीकाकाची झोप उडवलीय, आणि ती उडालेली बघून मला सुख व्हायचं. खोटं कशाला बोलू.

आमचं घर ठाण्यात कोपरीच्या पुढे, खाडीला लागून जो आमचा कोळ्यांचा पाडा आहे, त्यात. लांबट, कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, चुलीची खोली, मागची खोली आणि बाजूला पडवी. आमच्या भावकीतलं हे मोठं घर. गोमाजीकाका म्हणजे माझ्या बापाचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारा. माझा बाप नामा चौऱ्याऐंशी साली काविळीने गेला. मला भाऊ नाही. मी एकटी पोर, रतन, आणि माझंही लग्न टिटवाळ्याच्या विठ्ठलशी ठरलेलं. त्यामुळे गोमाजीकाकाच्या लेखी ते घर रिकामंच झालं होतं. आत माझी आई राहत होती, पण ती त्याच्या मोजणीत नव्हती.

दोनदा त्याने आईला विचारलं, "वहिनी, एवढ्या घराचं एकटी काय करशील? मला लिहून दे. तुला मी पडवीत ठेवीन, मरेपर्यंत." दोन्ही वेळा आईने त्याला चहा विचारला नाही. आमच्या पाड्यात याच्यावर दुसरं उत्तर लागत नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात माझी हळद होती. आता इथली एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या घरात हळदीच्या सकाळी गेलेल्या माणसांना आवतण देतात. धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणणारी बाई, एकेकाचं नाव घेऊन गाण्यातून बोलावते. मग ज्याचं त्याचं पान वाढतात, आणि तेही तो माणूस घरात जिथे बसायचा-निजायचा तिथेच. माझ्या बापाचं पान ओटीवर. आजा नाथाबाबाचं माजघरात. आजी आवडाबाईचं चुलीपाशी. चुलता सहदेव विशीत खाडीत बुडाला, त्याचं मागच्या खोलीत. पाचवं पान पडवीत, काळुरामबाबाचं. हा काळुराम गोमाजीकाकाचा सख्खा बाप. पोराशी पटेना म्हणून म्हातारा शेवटची सहा वर्षं आमच्या पडवीत राहिला आणि अडुसष्ट साली तिथेच गेला. पानात भाकरी, भाजलेले बोंबील, बाजूला दिवा. काळुरामबाबाला एक विडी जास्तीची.

आणि त्याच्यासोबत एक कडक बंधन. आवतण दिलं की नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत त्या माणसांना कुणी 'मेले' म्हणायचं नाही. 'गेले'सुद्धा नाही. ते आलेत, घरात आहेत, असंच बोलायचं. हळद लागलेल्या पोरीसमोर मरणाचा शब्द निघाला तर तो तिच्या कुंकवाला लागतो असं मानतात. खरं-खोटं देव जाणे. पण दोन वर्षांपूर्वी जिचं स्वतःचं कुंकू पुसलं, ती बाई हे खरं आहे का ते माझ्यावर बघायला धजणार नव्हती.

गोमाजीकाका त्याच घरात खेळून मोठा झालेला. त्याला हे सगळं तोंडपाठ होतं.

अकराच्या सुमाराला मी पाटावर बसलेले, हातपाय पिवळे. मागे अंगणात पाहुण्यांच्या जेवणाच्या चुली पेटलेल्या. तेवढ्यात गोमाजीकाका आला आणि त्याच्यामागे पालिकेच्या कर खात्यातले एक साहेब, काखेत रजिस्टर.

साहेब बिचारे घाबरत घाबरतच म्हणाले, "कार्य आहे, माहीत नव्हतं. पण तक्रार आलीय, बाई. तुमच्या घरात भाडेकरू आहेत, आणि तुम्ही ते दाखवलेले नाहीत."

ते ओटीवरच्या पानापाशी थांबले. "इथे कोण राहतं?"

माझी मालनमावशी, आईची धाकटी बहीण, भोळी बाई. तिला वाटलं साहेब पानाचं विचारतायत. ती म्हणाली, "ते नामाचं."

"आणि आत?"

"नाथाबाबाचं. चुलीजवल आवडाबायचं. मागं सहदेवचं. पडवीत काळुरामबाबाचं."

साहेबांनी एकेक नाव लिहून घेतलं. खोल्या पाच, माणसं पाच, मागे चुली बघितल्या त्याही पाच. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. त्यांच्यावर माझा राग नाही.

"ही माणसं कुठे आहेत आत्ता?"

आई म्हणाली, "घरातच हायेत."

"दिसत नाहीत."

"आज हायेत."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "भाडं किती देतात?"

"भाडं कसलं? घरचीच मानसं हायेत ती."

"असं सगळेच सांगतात, बाई," साहेब म्हणाले, आणि गोमाजीकाकाकडे वळले. "तुम्ही शेजारी आहात. तक्रारही तुमचीच. काय ते सांगा."

गोमाजीकाकाने आधी माझ्याकडे बघितलं. माझ्या पिवळ्या हातांकडे बघितलं, नीट, सावकाश. मग म्हणाला, "महिन्याला चाळीस रुपये देतात. पाचही जण. मी डोळ्यांनी बघितलंय."

आईचं तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता. तिचा नवरा मेलाय, एवढं म्हटलं असतं तर रजिस्टर मिटलं असतं. पण तिची नजर माझ्यावर आली आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मी ओरडणारच होते, तर मालनमावशीने माझ्या तोंडावर हात दाबला. हळदीने माखलेला हात. ती कडू चव मला आजही हळदीचा डबा उघडला की येते.

साहेबांनी पंचनामा लिहिला. पाच भाडेकरू, नावानिशी. खाली पंच म्हणून गोमाजीकाकाने सही केली. माझा मेलेला बाप माझ्या आईला घरभाडं देतो, असं त्याने लिहून दिलं. स्वतःचा बापही दिला त्यातच. जाताना पडवीतून गेला तो बापाच्या पानाला वळसा घालून. पान कुणाचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

मी सासरी गेले. पावसाळ्यात आईचा निरोप आला, कागद आलाय, वाचायला ये. घराला भाडं किती येतं त्यावर पालिका घरपट्टी ठरवते. आमच्या घराची नव्वद रुपयांच्या आसपास असायची. ती सातशेच्या वर गेलेली. सुक्या मासळीच्या टोपलीवर जगणारी बाई, तिला वर्षाला सातशे. हरकत घ्यायची मुदतही टळलेली, कारण पहिली नोटीस आईने न वाचताच देव्हाऱ्यामागे खोचून ठेवलेली. तिला वाटलं लग्नाच्या कर्जाचा काहीतरी कागद असेल. आता आधी बिल भरा, मग तक्रार ऐकू, असं खिडकीवर सांगितलं. नाहीतर घरावर जप्ती.

त्याच संध्याकाळी गोमाजीकाका कुंपणापाशी आला. "वहिनी, अजूनही लिहून दे. पट्टी मी भरतो." वर पाड्यात त्याने सांगत फिरायचं चालवलेलंच, की रतनच्या हळदीचा मुहूर्तच वाईट होता.

आईने चौथ्या दिवशी माझ्या बापाची होडी विकली. बाप गेल्यावर ती होडी कुणी पाण्यात घातली नव्हती, पण आई दर दिवाळीला तिला तेल लावायची, तिच्यापुढे दिवा ठेवायची. घेणारा होडी ओढून घेऊन गेला तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती. रडली नाही. मला म्हणाली, "रतन, मना ह्याला मारायचा नाय. मना ह्याला जगवायचा हाय, आनि रोज बघायचा हाय."

मी दहावी झालेली. अर्ज मी लिहिला. विठ्ठल तेव्हा वागळे इस्टेटमध्ये फिटर होता. त्याने दोन खाडे करून आमच्याबरोबर कचेऱ्या पालथ्या घातल्या. मेलेली माणसं मेलीत हे दाखवायला चार महिने लागले. बापाचा दाखला दवाखान्याचा होता. सहदेवकाकाचा पोलिसांच्या जुन्या कागदांत सापडला. नाथाबाबा, आवडाबाई आणि काळुरामबाबा यांच्या नोंदी जुन्या ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या वहीत होत्या. ती वही एका गोदामात, वाळवी लागलेली. तिथल्या कारकुनाने शिक्के मारून तिन्ही नकला दिल्या आणि म्हणाला, वेळेवर आलात, पुढच्या महिन्यात हा ढीग जाळणार आहेत.

पाच माणसं, पाच कागद. मी खुशीत होते. आई काळुरामबाबाची नक्कल हातात घेऊन बराच वेळ बसली. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत बसली.

डिसेंबरात सुनावणी झाली. मोठं टेबल, पलीकडे वयस्कर अधिकारी, अलीकडे आम्ही दोघी, आणि पंच म्हणून बोलावलेला गोमाजीकाका, इस्त्रीच्या शर्टात. आईने कागद एकेक करून पुढे सरकवले. अधिकारी वाचत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"हा नामा तुमचा कोण?"

"नवरा. दोन वरसं जाली त्याला जाऊन."

अधिकारी गोमाजीकाकाला म्हणाले, "नवरा मेल्यावर बायकोला महिन्याला चाळीस रुपये भाडं देतो, असं तुम्ही सही करून दिलंत?"

काका पुटपुटला की नावांचा घोळ झाला असेल, लग्नाची गडबड होती.

"चारही नावांचा घोळ? पाचवाही असाच निघाला तर खोटा पंचनामा केला म्हणून मला पोलिसांत कळवावं लागेल. हा काळुराम कोण?"

मी पिशवीत हात घातला. पाचवा कागद बोटांना लागलेला. तेवढ्यात आईने टेबलाखाली माझ्या पायावर असा पाय दाबला की माझंच जोडवं मला रुतलं.

"काळुरामाचं मना काय ठाव नाय, साहेब," आई अगदी गरिबासारखी म्हणाली. "पंचालाच इचारा. त्याचाच बाप हाय तो."

गोमाजीकाकाने आईकडे बघितलं. हळदीच्या दिवशी आईने त्याच्याकडे जसं बघितलं असेल तसंच. बाप मेलाय म्हणावं तर पाचही नावं खोटी, मग पोलीस. म्हणजे एक तरी भाडेकरू जिवंत पाहिजे. त्याच्या कपाळाला घाम आला आणि मी तो अगदी मन लावून बघितला.

"आहे," तो म्हणाला. "काळुराम राहतो तिथे. पडवीत."

"लिहून द्या," अधिकारी म्हणाले.

त्याने लिहून दिलं. चार नावं रद्द झाली. पट्टी उतरली, दोनशेच्या खाली आली. घर वाचलं. बाहेर जिन्यात आई त्याला म्हणाली, "भावजी, बाबाची काळजी करू नका. माझ्याकडं सुखात हायेत."

घरी येताना तिने ठाण्याच्या बाजारातून छापील भाडेपावत्यांचं एक बुक घेतलं. पुढच्या एक तारखेला सकाळी, नळावर सगळा पाडा जमलेला असताना, ती गोमाजीकाकाच्या दारात उभी राहिली. "काळुरामबाबाचं भाडं. चाळीस रुपये." काकाने दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्याही. भांडण नाही, शिवी नाही. मागायचं, थांबायचं, परत यायचं. पाड्यातली माणसं आधी हसली, मग एक तारखेची वाट बघायला लागली. काका त्या दिवशी मागच्या दाराने कामाला जायचा. पोरं त्याच्या पाठीमागून 'भाडेकरूचा भाऊ' ओरडायची. भाऊ नव्हे, पोर, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलंय.

एक मात्र सांगते. पितृपक्षात आई काळुरामबाबाचं पान पडवीत वाढायचीच, विडीसकट. "म्हाताऱ्याचं काय चुकलं," म्हणायची.

चौऱ्याण्णवला बिल्डर आला. खाडीकडच्या जागांना सोन्याचा भाव. गोमाजीकाकाच्या जागेवर चार मजली इमारत, त्यात त्याला दोन फ्लॅट, असं ठरलं. पण जागा अजून बापाच्या नावावर. बापाचं नाव कमी करायचं तर मृत्यूचा दाखला हवा, आणि ती वही जळून गेलेली. बिल्डरच्या वकिलाने चौकशी केली तेव्हा पालिकेच्या दप्तरात काळुराम जिवंत सापडला. पोराच्या दोन सह्यांनिशी. वकिलाने हात वर केले.

काका आमच्याकडे आला. मी तेव्हा बाळंतपणाला आलेले, ओटीवरच होते. आईने या खेपेला चहा दिला. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नक्कल हाय माझ्याकडं. ट्रंकेत."

त्याचा चेहरा असा काही फुलला की मला किळस आली.

"नारली पुनवेला गावदेवीपुढं सगला पाडा जमतो," आई म्हणाली. "तवा उभा राव्हायचा आनि बोलायचा. रतनच्या हलदीला मी काय केला, बापाला कोनाचा भाडेकरू केला, सगला. मग कागद तुझा."

तो मच्छीमार सोसायटीचा उपाध्यक्ष होता. दरवर्षी पहिला नारळ त्याच्या हातात असायचा. नारळी पौर्णिमा आली, त्याने नारळ सोडला, आणि तोंड न उघडता घरी गेला. बिल्डर कंटाळून पलीकडच्या पाड्यात गेला. तिथे इमारती उभ्या राहिल्या. काकाच्या घराचं छप्पर गळत राहिलं.

आई अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत गेली. शेवटचे दोन महिने तिचे पाय उचलत नव्हते, तर एक तारखेला मालनमावशी मागणीला जायची. जाण्याआधी ट्रंकेची किल्ली तिने माझ्या कमरेला खोचली. "हलद तुझी व्हती," म्हणाली. "काय करायचा ता तूच ठरव."

तेराव्याला मी मोठ्या घरातली सगळी पानं वाढली, जिथली तिथे. अंगणात पाडा जेवायला जमलेला. गोमाजीकाका काठी टेकत आला. खूप थकलेला. बाजूला बसून हळूच म्हणाला, "रतन, ती गेली. दुसरा बिल्डर आलाय, हा शेवटचा. तो कागद दे पोरी."

खरं सांगते, माझं मन पातळ झालेलं. तेरा दिवस रडून माणसात राग उरत नाही. मी उठले, ट्रंक उघडली, नक्कल काढली. पिवळी पडलेली, घडीवर विरलेली. ती घेऊन बाहेर आले. त्याने हात पुढे केला आणि तो तसाच धरून म्हणाला, "पाच पानांपायी एवढं धरून बसायचं असतं का गं?"

"सहा," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मी चुलीपाशी आवडाबाईच्या पानाशेजारी वाढलेलं आईचं पान दाखवलं.

"काका, आज पाडा जमलाय. आज हळद नाही. आज मरणाचा शब्द काढायला बंदी नाही. उभे राहा आणि म्हणा, माझा बाप मेलाय. मी काय लिहून दिलं ते सांगा. हा कागद मी माझ्या हाताने तुमच्या खिशात घालते."

अंगणातले हात थांबले. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो काठीवर जोर देऊन उभा राहिला. ओठ हलले. मी वाट बघितली, आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी त्याने ते म्हणावं असं मला मनापासून वाटलं. तो पाड्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड मिटलं.

"मग भाडं ठेवा," मी म्हटलं.

त्याने अंगातल्या कोपरीच्या खिशात हात घातला. दहाच्या चार नोटा मोजल्या. पडवीत गेला, वाकला, आणि त्या बापाच्या पानाशेजारी ठेवल्या. पानाला वळसा घालून उंबऱ्यापर्यंत पोचला.

मी त्याला थांबवलं. आईचं भाडेपावत्यांचं बुक आणलं. काळुराम, पडवी, फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, रुपये चाळीस फक्त. सही केली, पावती फाडली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली. पावती क्रमांक एक होता.